जुन्या पिकअपचं पुढचं सस्पेन्शन खाली घेताना: मोजमापापासून अलाइनमेंटपर्यंत

पिकअप पुढून खाली आणायला एक दिवस पुरतो. पण खाली आलेली गाडी नीट चालायला हवी असेल, तर चाकाला वर उचलायला किती जागा उरते हे आधी बघावं लागतं. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा त्याला चासीशी जोडणारा आर्म शेवटी एका रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, टेकतो. तिथपर्यंतचं अंतर हीच सस्पेन्शनची खरी शिल्लक. ती संपवून गाडी खाली घेतली, तर प्रत्येक धक्का थेट चासीला बसतो, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातले फिरते सांधे) खिळखिळे होतात आणि ब्रेक मारताना पुढचं टोक उसळतं. म्हणून इथली प्रत्येक निवड या एकाच हिशेबावर तपासली आहे.

आधी कोणतं सस्पेन्शन आहे ते बघा

गाडीखाली वाकून पाहिलं की लगेच कळतं. वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग असेल, तर ती डबल विशबोन मांडणी. शेव्हर्ले सी-१० मध्ये १९६३ पासून हीच आहे, आणि हा लेख मुख्यतः तिच्यावर आहे. कॉइल नसून आर्मपासून मागे चासीच्या बाजूने एक लांब सळई गेलेली दिसली, तर तो टॉर्शन बार. टोयोटा हायलक्सच्या काही जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिढ्यांमध्ये आणि त्या काळच्या अनेक छोट्या जपानी पिकअपमध्ये तो सापडतो. त्याची कृती शेवटाकडे वेगळी दिली आहे.

फोर्डने १९६५ मध्ये एफ-१०० ला दिलेली ट्विन आय-बीम (प्रत्येक चाकाला एक वेगळा आडवा बीम) ही तिसरी जात. तिच्यात नुसती आखूड स्प्रिंग घातली की चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. झुकाव थोडा असेल तर वरच्या बॉल जॉइंटचं विकेंद्री कँबर बुश (कँबर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव) तो सावरतं, पण ही सोय बॉल जॉइंट असलेल्या नंतरच्या गाड्यांवरच मिळते. ५० मिलिमीटरच्या पुढे जायचं असेल तर खास वाकवलेले ड्रॉप बीमच घ्या. सरळ ॲक्सल आणि पाटे असलेल्या त्याहून जुन्या गाड्यांना ड्रॉप ॲक्सल लागतो. पाटे काढून टाकून उंची कमी करण्याच्या फंदात पडू नका, भार पेलणारे तेच आहेत.

मोजमाप

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. टायरची हवा नेहमीइतकी, टाकी निम्मी भरलेली, हौद्यात नेहमी असतं तेवढंच सामान. पुढचा बंपर तीन-चार वेळा दाबून सोडा, गाडी हाताने एक मीटर पुढे-मागे ढकला आणि मग मोजा.

उंची मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या केंद्रापर्यंत मोजायची. जमिनीपासून मोजलीत तर टायर बदलल्यावर आकडा निरुपयोगी होतो. दोन्ही बाजू लिहून ठेवा. जुन्या गाडीत डाव्या-उजव्यात ५ ते १० मिलिमीटर फरक सहज निघतो, आणि तो नंतर नव्या स्प्रिंगच्या माथी मारला जाऊ नये. त्यानंतर बंप स्टॉपचं टोक आणि तो जिथे टेकतो ती जागा यांतलं अंतर घ्या.

या अंतराचा अर्थ एका उदाहरणातून बघू. समजा बंप स्टॉप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो आणि फट ४० मिलिमीटर आहे. आर्मचा मध्य ४० मिलिमीटर वर जातो तेव्हा टोकाचं चाक सुमारे ८० मिलिमीटर वर जातं, म्हणजे चाकाची शिल्लक ८०. स्प्रिंग आखूड करून गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली, तर चाकापाशी ३० आणि फटीत जेमतेम १५ मिलिमीटर उरतात. एवढ्यावर गाडी रस्त्यावर चालवू नये. हेच ५० मिलिमीटर ड्रॉप स्पिंडलने (ती काय ते पुढच्याच भागात) घेतले, तर फट ४० ची ४० राहते.

कशाने खाली घ्यायची

ड्रॉप स्पिंडल, म्हणजे ज्या नकलवर (दोन आर्ममधला, चाक धरणारा भाग) चाकाची पिन ५० ते ६४ मिलिमीटर वर सरकवलेली असते ती, हा पहिला पर्याय असावा असं आमचं ठाम मत आहे. आर्म, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बॉल जॉइंट यांचे कोन जसेच्या तसे राहतात, बदलते ती फक्त चाकाची जागा. दोन गोष्टी मात्र तपासा. पिन वर गेली म्हणजे खालचा बॉल जॉइंट रिमच्या आतल्या कडेच्या जवळ येतो. त्यामुळे १४ इंची मूळ रिम अनेकदा घासते आणि १५ इंच किंवा मोठी लागते. शिवाय काही स्पिंडलमुळे चाक काही मिलिमीटर बाहेर सरकतं, आणि तेवढंच ते मडगार्डच्या कडेजवळ जातं.

आखूड ड्रॉप स्प्रिंग २५ ते ७५ मिलिमीटरपर्यंत मिळतात. आखूड असल्याने त्या थोड्या कडकही बनवलेल्या असतात, नाहीतर उरलेल्या प्रवासात गाडी सांभाळली जाणार नाही. २५ मिलिमीटरसाठी त्या छान आहेत. स्पिंडल आणि २५ ची स्प्रिंग मिळून ७५ ते ९० मिलिमीटर होतात. रोज चालवायच्या गाडीला याहून जास्त मागू नका. त्यापुढे इंजिनाखालचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा भाग) सगळ्यात खालचा भाग होतो आणि टाय रॉडसाठी (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी) चासीला खाच पाडण्याची वेळ येते.

मूळ स्प्रिंग कापणं हा स्वस्त मार्ग. नीट केला तर तो चुकीचा नाही, पण त्याचा हिशेब कळला पाहिजे. स्प्रिंगवरचा भार तोच राहतो, त्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच दबतो. म्हणून कापलेल्या वेढ्याची भाराखालची उंची जेवढी, तेवढीच स्प्रिंग बसक्या अवस्थेत आखूड होते. गाडी जमिनीवर असताना स्प्रिंगची उंची २८० मिलिमीटर आणि काम करणारे वेढे ८ असतील, तर एका वेढ्याचे ३५ मिलिमीटर. अर्धा वेढा कापला की १७.५. स्प्रिंग आर्मच्या मध्याजवळ बसते, म्हणून चाकाच्या अंतराशी गुणोत्तर साधारण १.८ धरा. गाडी ३१-३२ मिलिमीटर खाली येईल. त्याच वेळी स्प्रिंग ८ भागिले ७.५, म्हणजे सुमारे ७ टक्के कडक होते. एक पूर्ण वेढा काढला तर १४ टक्के. गुणोत्तर आपल्या गाडीवर मोजून घ्या: खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून बॉल जॉइंटचं अंतर भागिले त्याच बोल्टपासून स्प्रिंगच्या मध्याचं अंतर.

कापायची ती उघड्या, तिरक्या टोकाकडूनच. टोक आत वळून लहान झालेलं असेल तर तिथे हात लावू नका, उरलेली स्प्रिंग खोबणीत बसणार नाही. वरचं टोक सपाट असेल तर कितीही अंश कापून स्प्रिंग फिरवून बसवता येते. दोन्ही टोकांना वळणदार खोबणी असेल तर पूर्ण वेढाच कापावा लागतो, कारण अर्ध्या वेढ्याने टोक खोबणीच्या उलट्या बाजूला जातं. कापायला ग्राइंडरची पातळ चकती वापरा आणि मधून मधून थांबून धातू थंड होऊ द्या. गॅसची ज्योत लावायची नाही, आणि स्प्रिंग तापवून 'बसवायची' तर मुळीच नाही. तापलेल्या जागी पोलादाची ताकद जाते. तो वेढा काही महिन्यांत दबतो किंवा तुटतो, तोही बहुधा एकाच बाजूचा.

काय काय जवळ हवं

स्पिंडल किंवा स्प्रिंग जोडी, दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे बॉल जॉइंट (जुने किती चाललेत माहीत नसेल तर बदलाच, कारण सगळं उघडलेलंच असतं), आर्मची बुश, टायरॉड एंड, नव्या स्प्लिट पिना, चाकाची आतली ऑइल सील आणि बेअरिंगचं ग्रीस. स्प्रिंगने ४० मिलिमीटरपेक्षा खाली जाणार असाल तर आखूड शॉक ॲब्सॉर्बर आणि बुटके बंप स्टॉपही. हत्यारांत किमान दोन टनी ट्रॉली जॅक, चांगल्या घोड्या (जॅक स्टँड), आतून पकडणारा स्प्रिंग कंप्रेसर, टॉर्क पाना आणि एक मजबूत साखळी.

उघडण्याची कृती

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढच्या चाकांचे नट सैल करा, गाडी उचला आणि घोड्या चासीखाली, खालच्या आर्मच्या मागे लावा. आर्मखाली घोडी लावली तर आर्म खाली सोडताच येणार नाही. गाडी हाताने जोरात हलवून बघा आणि मगच चाकं काढा.

१. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वरच्या आर्मला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवलात तर नळी आतून फाटते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

२. हबची टोपी, स्प्लिट पिन, नट, वायसर आणि बाहेरचं बेअरिंग काढून डिस्क उतरवा. डावी-उजवी बेअरिंग वेगळ्या डब्यांत ठेवा, ती आपापल्या कपांबरोबर झिजलेली असतात.

३. टायरॉड एंडचा नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर आणून ठेवा. मग स्टीअरिंग आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोडीचा एक सणसणीत ठोका द्या. निमुळती दांडी टप्पकन सुटते. दोन दात्यांचा काटा ठोकला तर रबरी टोपी फाटतेच, तेव्हा जुना जॉइंट फेकायचा असेल तरच काटा वापरा.

४. अँटी-रोल बारची (दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या सळईची) लिंक दोन्ही बाजूंनी सोडवा. एकाच बाजूची सोडवलीत तर बार आर्मला वर ओढत राहतो आणि तुम्हाला वाटतं स्प्रिंगच अडकली आहे.

५. शॉक ॲब्सॉर्बर काढा.

आता स्प्रिंग. चाकावर साडेचारशे किलो भार असेल तर वरच्याच गुणोत्तराने स्प्रिंगवर आठशे किलोंच्या आसपास असतो. चाक लोंबकळताना तो कमी होतो, पण तरीही शेकडो किलो शिल्लक राहतात. साखळी स्प्रिंगमधून आणि चासीच्या भक्कम भागातून ओवून बांधा. कंप्रेसर आत घालून स्प्रिंग थोडी आवळा. जॅक खालच्या आर्मच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ लावून आर्म किंचित उचलला जाईल इतकाच चढवा.

बॉल जॉइंटचे नट आधी तीन-चार आटे सैल करायचे, काढायचे नाहीत. नकलच्या डोळ्यावर ठोके देऊन निमुळती पकड सोडवा. ती सुटताना मोठा आवाज होतो आणि आर्म नटावर येऊन थांबतो. नट ठेवायचा तो यासाठीच. त्यानंतर जॅक थोडा चढवून नटावरचा ताण घ्या, नट काढा आणि जॅक अगदी सावकाश उतरवा. या वेळी तोंड, हात आणि मदतनीस स्प्रिंगच्या रेषेबाहेर असू द्या. फक्त स्पिंडल बदलायची असेल तर स्प्रिंग बाहेर काढावीच लागत नाही. जॅक पूर्ण वेळ आर्मखाली घट्ट ठेवून नकल तेवढी बदलायची.

जोडताना

स्प्रिंग बाहेर असेपर्यंत एक तपासणी उरकून घ्या, नंतर ती करता येत नाही. नकल आणि टाय रॉड जोडा, डिस्क चढवा आणि तिला एक सरळ पट्टी आडवी बांधा. जॅकने आर्म बंप स्टॉपपासून खालच्या टोकापर्यंत हलवा आणि पट्टीची पुढची-मागची टोकं एखाद्या स्थिर रेषेपासून किती सरकतात ते दर २५ मिलिमीटरला लिहा. नव्या उंचीच्या आसपास हा बदल एक-दोन मिलिमीटरच असेल तर ठीक. जास्त असेल तर खड्ड्यात गाडी आपोआप वळेल. टाय रॉडचा कोन आर्मच्या कोनापासून फार फाकला की असं होतं. स्पिंडलने खाली घेतलेल्या गाडीत हा त्रास क्वचित येतो, नुसत्या स्प्रिंगने ७५ मिलिमीटर घेतलेल्या गाडीत बऱ्याचदा.

कापलेली स्प्रिंग असेल तर आणखी एक बघा. आर्म पूर्ण खाली लोंबकळताना वरच्या-खालच्या खोबणीतलं अंतर स्प्रिंगच्या मोकळ्या उंचीपेक्षा कमीच असलं पाहिजे. नाहीतर चाक हवेत गेल्यावर स्प्रिंग सुटते आणि परतताना वाकडी बसते.

स्प्रिंगचं टोक खोबणीच्या शेवटी टेकलंय का हे बोटाने चाचपून खात्री करा. जॅकने आर्म चढवा आणि बॉल जॉइंटचे नट गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

निमुळत्या रोलर बेअरिंगसाठी डिस्क फिरवत नट सुमारे १६ न्यूटन-मीटरवर आवळा, मग पूर्ण सैल करा, पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवा आणि पिन बसेपर्यंत जेमतेम मागे घ्या. हबला ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर खेळ राहिला पाहिजे. घट्ट बेअरिंग पहिल्याच लांब प्रवासात जळतं.

आर्मच्या बुशचे बोल्ट आत्ता फक्त टेकवून ठेवा. रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीलाही चिकटलेलं असतं आणि बाहेरच्याही. आर्म लोंबकळताना बोल्ट आवळले तर गाडी खाली बसल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी १०-१५ मिलिमीटर उंच उभी राहते, तुम्ही स्प्रिंगला दोष देता, आणि काही महिन्यांत बुश फाटतं. चाकं जमिनीवर, पूर्ण वजन आलेलं, गाडी दोन-चार वेळा दाबलेली, मगच शेवटचा टॉर्क.

शॉक ॲब्सॉर्बर नव्या उंचीवर साधारण मध्यावर उभा असावा. आत जायला निम्म्याच्या आसपास दांडी शिल्लक असली की बरं. बंप स्टॉपआधी शॉकच तळाला लागत असेल तर तो फुटणारच. बंप स्टॉप बुटका करताना पूर्ण काढून टाकू नका. फटीत किमान २० ते २५ मिलिमीटर ठेवा. तेवढी मिळत नसेल तर गाडी जास्त खाली आली आहे, स्प्रिंग बदला.

टॉर्शन बार असेल तर

बारच्या टोकाला एक चावी आणि ती वर ढकलणारा ॲडजस्टर बोल्ट असतो. बोल्ट सैल केला की गाडी खाली येते, म्हणून हे दहा मिनिटांचं काम वाटतं. आधी बोल्टचे बाहेर दिसणारे आटे व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहा आणि त्यांना ग्रीस लावा. पुढची चाकं उचलून दोन्ही बाजू सारख्याच, पाच फेरे सैल करा. गाडी उतरवून थोडी ढकला आणि मोजा. पाच फेऱ्यांत किती उतरली ते कळलं की पुढचा हिशेब तुमच्याच गाडीचा.

बोल्ट संपत आला तरी गाडी हवी तेवढी उतरली नसेल, तर चावी एका दात्याने फिरवावी लागते. बारवरचे दाते मोजा: ३६ असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. आर्म ३३० मिलिमीटर लांब असेल तर आडव्याच्या आसपास चाक सुमारे ५७ मिलिमीटर हलतं. म्हणजे एक दाता पुरेसा, दोन बहुधा घातक. काढण्याआधी बार, चावी आणि आर्म यांवर रंगाने खुणा करा. चावीवर ताण असताना बोल्ट पूर्ण काढू नका. चाक लोंबकळत ठेवून बोल्ट सैल करत चावीवरचा ताण पूर्ण उतरवा आणि मगच तिला हात घाला. डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नाही. प्रत्येक बार त्याच्या पिळाच्या दिशेने आधीच तयार केलेला असतो, उलट्या बाजूला लावला तर तो तुटतो.

बोल्ट सोडल्याने बारचा कडकपणा बदलत नाही, फक्त आर्म बंप स्टॉपजवळ जातो. त्यामुळे इथेही फटीचा तोच नियम, आणि सी-१० पेक्षा तो लवकर आड येतो. ३५-४० मिलिमीटरपुढे या गाड्यांनाही ड्रॉप स्पिंडलच शोभते.

गाडी खाली उतरवल्यावर

चाकं दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. ब्रेकची नळी कुठेही ताणली जात नाही आणि टायरला घासत नाही, हे मदतनिसाला वळवायला सांगून स्वतः खाली बघा. दोन्ही रिमच्या सर्वांत खालच्या कडा जोडणारी एक दोरी जमिनीलगत ताणा. त्या दोरीच्या खाली आर्म, बॉल जॉइंट किंवा क्रॉसमेंबर येता कामा नये. आला, तर टायरची हवा गेल्या क्षणी तो भाग रस्ता खरडणार.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. तिथपर्यंत न्यायला टाय रॉड फिरवून टो (वरून पाहता चाकांची टोकं आत-बाहेर वळलेली असणं) अंदाजे सरळ केला तरी चालेल. मशीनवर आधी कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कँबर, मग टो. उलट केलं तर टो पुन्हा बिघडतो. रस्त्यावरच्या गाडीला कँबर शून्य ते उणे अर्धा अंश, पॉवर स्टीअरिंग असेल तर कॅस्टर अधिक २ ते ४ अंश आणि एकूण टो-इन १.५ ते ३ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. कँबर सहसा वरच्या आर्मच्या शिमने (पातळ पत्र्यांनी) जुळवतात. शिम घातल्यावर आर्म आत जातो की बाहेर, हे आर्मचा दांडा ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या यावर ठरतं, म्हणून बघितल्याशिवाय काढू-घालू नका. शिम संपले आणि कँबर तरी उणे दोनवर असेल, तर लांब किंवा सरकवता येणारा वरचा आर्म लागेल.

शेवटी हेडलाइट. पुढचं टोक उतरलं की प्रकाशाचा पट्टा बंपरपासून थोड्याच अंतरावर जमिनीवर पडतो आणि रात्री समोरचं दिसत नाही, म्हणून तो भिंतीसमोर नव्याने लावा. गाडी २०० ते ३०० किलोमीटर चालली की स्प्रिंग बसते. तेव्हा मडगार्ड ते चाक-केंद्र अंतर आणि बंप स्टॉपची फट पुन्हा मोजा, आर्मचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, आणि उंची ५ मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली असेल तर टो पुन्हा बघून घ्या.